राणीछाप रुपयावरची राणी आणि तिच्या १३२ लाकडी बाहुल्या

गावाकडच्या काही जुन्या घरांत पेटीच्या तळाशी आजही एखादा राणीछाप रुपया सापडतो. चांदीचा, कडा झिजलेला. त्यावर डोक्यावर मुकुट आणि अंगावर नक्षीदार वस्त्र असलेली एक बाई आहे. ती म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी. मुंबईचं व्हीटी स्टेशन तिच्या नावाचं होतं, भायखळ्याची राणीची बाग तिच्याच नावाची होती. आता दोन्हींची नावं बदलली, पण म्हातारी माणसं अजून व्हीटी आणि राणीची बागच म्हणतात.

अर्ध्या जगावर हुकूम चालवणाऱ्या या बाईचं बालपण मात्र एका बंद राजवाड्यात, लाकडी बाहुल्यांच्या संगतीत गेलं. एक नाही, दोन नाही, तब्बल १३२ बाहुल्या. प्रत्येकीला नाव, प्रत्येकीला वेगळा पोशाख, आणि सगळ्यांची नोंद एका वहीत. राणीच्या लढाया आणि दरबार पुस्तकांत असतात. बाहुल्यांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

आठ महिन्यांची असताना बाप गेला

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. वडील एडवर्ड हे राजा तिसरा जॉर्ज याचे चौथे चिरंजीव. आई जर्मनीच्या एका छोट्या संस्थानातली राजकन्या. तिचं हे दुसरं लग्न होतं, पहिल्या नवऱ्यापासून तिला एक मुलगा आणि एक मुलगी होती.

जानेवारी १८२० मध्ये एडवर्ड वारले, तेव्हा पोरगी आठ महिन्यांची होती. बाप गेला तो कर्ज मागे ठेवून. आई परक्या देशात, भाषा धड येत नाही, हातात पैसा नाही. अशा घरात जसा एखादा कारभारी शिरतो आणि बघता बघता मालक होऊन बसतो, तसंच तिथं झालं. जॉन कॉनरॉय नावाचा माणूस आईचा कारभार बघू लागला. पुढेमागे ही पोर गादीवर बसणार, हे त्याने हेरलं होतं. पोर मुठीत राहिली तर राज्य आपल्या मुठीत राहील, असा त्याचा हिशेब.

मग तिच्यासाठी नियम ठरले. पोरीने एकटं राहायचं नाही. रात्री झोपायचं ते आईच्याच खोलीत. जिना उतरताना मोठ्या माणसाचा हात धरायचा, हात न धरता एक पायरीसुद्धा उतरायची नाही. बाहेरच्या मुलांत मिसळायचं नाही. आठवड्यातून एखादं मूल खेळायला यायचं, तेवढंच. सावत्र बहीण फिओडोरा बारा वर्षांनी मोठी होती, तिचा या पोरीवर फार जीव. पण १८२८ मध्ये तिचं लग्न झालं आणि ती जर्मनीला गेली. धाकटी तेव्हा आठ वर्षांची होती.

माणसांनी भरलेल्या वाड्यात ती एकटी पडली.

लेहझेनबाई

या वाड्यात एक बाई मात्र तिची होती. लुईझ लेहझेन तिचं नाव. जर्मनीतल्या हॅनोव्हरकडच्या एका पाद्र्याची मुलगी. आधी फिओडोराला शिकवायला आली आणि १८२४ पासून व्हिक्टोरियाची जबाबदारी तिच्याकडे आली. शिस्तीची कडक, जेवणावर शहाजिरं भुरभुरायची सवय असलेली, आणि वाड्यात पोरीच्या बाजूने उभी राहणारी.

लेहझेनबाईच्या शिस्तीचा एक किस्सा सांगतात. टनब्रिज वेल्स या गावी बाजारात छोट्या राजकन्येने नातेवाइकांसाठी भेटवस्तू घेतल्या आणि हातातले पैसे संपले. शेवटी आठवलं, एक जण राहिला. अर्ध्या क्राउनची एक डबी तिला आवडली होती. दुकानदार उधार द्यायला तयार होता, पण बाईने साफ नकार दिला. पैसे नाहीत तर वस्तू नाही. डबी बाजूला ठेवून दिली गेली. पुढचे खाऊचे पैसे मिळाले त्या दिवशी सकाळी सात वाजायच्या आत पोरगी गाढवावर बसून दुकानात हजर झाली आणि डबी घेऊन गेली.

याच बाईने तिच्या हातात सुई दिली.

शेतकऱ्यांनी कोरलेल्या ठक्या

राजकन्येच्या बाहुल्या म्हणजे मेणाच्या, काचेच्या डोळ्यांच्या महागड्या बाहुल्या असतील असं वाटेल. तसं नव्हतं. त्या साध्या लाकडी बाहुल्या होत्या. आपल्याकडच्या ठकीसारख्या, फक्त हातपाय सांध्यात वळणाऱ्या. उंची तीन ते नऊ इंच. म्हणजे सर्वांत छोटी बोटाएवढी आणि सर्वांत मोठी वीतभर. तोंडं जवळपास एकसारखी, टोकदार नाक, गालांवर लाल रंग, रंगवलेले काळे केस.

अशा बाहुल्या त्या काळी आल्प्स डोंगरातल्या ग्रोडन खोऱ्यातून येत. तिथले लोक शेतकरी. हिवाळ्यात शेतावर बर्फ पडलं की काम बंद. मग अख्खं घर चुलीजवळ बसून लाकूड कोरायचं. एक जण कोरणार, दुसरा रंगवणार. हा त्यांचा जोडधंदा. पुढे व्यापारी त्या बाहुल्या गोळा करून देशोदेशी विकत. इंग्लंडमध्ये त्या स्वस्तात मिळत आणि साध्या घरातल्या पोरीही त्यांच्याशीच खेळत.

बाहुली अशी स्वस्तातली, म्हणजे खरी किंमत होती ती तिच्या अंगावरच्या कपड्यांची. १३२ पैकी ३२ बाहुल्यांचे कपडे व्हिक्टोरियाने स्वतः शिवले. बाकीचे लेहझेनबाईने शिवले. राजकन्या आणि तिची शिक्षिका शेजारी शेजारी बसून रेशमाचे, मलमलीचे, लेसचे तुकडे जोडत बसायच्या.

ज्यांनी हातशिलाई केली आहे, त्यांना यातली मेहनत लगेच कळेल. पाच-सहा इंचांच्या बाहुलीच्या पोलक्याची बाही केवढी असणार? तिला झालर लावायची, तीही बारीक टाक्यांनी. पुढच्या आडवस्त्राला खिसा, खिशाला छोटी रिबिनीची गाठ. खिशात ठेवायला हातरुमाल, आणि तो जेमतेम अर्ध्या इंचाचा. त्याच्या कडेला दोरे काढून केलेली नक्षी आणि कोपऱ्यात लाल रेशमाने भरलेली नावाची आद्याक्षरं. कमरेला लटकवायला पांढऱ्या आणि सोनेरी मण्यांचे दागिने, इतके बारीक की बोटांतून निसटावेत.

हे काम करणारी मुलगी दहा-बारा वर्षांची होती.

फळीवरचा दरबार

या बाहुल्या म्हणजे नुसती खेळणी नव्हती. प्रत्येक बाहुली म्हणजे कुणीतरी होती. काही दरबारातल्या सरदारघराण्यातल्या बायका. काही नाटकातल्या, ऑपेरातल्या गायिका. व्हिक्टोरियाला नाटक आणि नाच बघायचं भारी वेड. बाहेर जायला मिळायचं ते बहुतेक थिएटरातच. मारी टाग्लिओनी नावाची नर्तिका त्या काळी युरोपात गाजत होती. तिला रंगमंचावर बघून आल्यावर तिच्या भूमिकांमधले पोशाख बाहुलीच्या अंगावर चढायचे. कापडाचा रंग, झग्याचा घेर, डोक्यावरची फुलं, सगळं डोळ्यांत साठवून आणायचं आणि घरी सुईने उतरवायचं.

बाहुल्यांमध्ये पुरुष फार थोडे. त्यातला एक लिस्टरचा सरदार होता, तोही एका बॅलेतल्या गोष्टीतला.

या सगळ्यांची एक वही होती. शाळेची असते तशीच. त्यात प्रत्येक बाहुलीचं नाव, ती कोणाचं सोंग आहे, आणि तिचे कपडे कुणी शिवले, हे लिहिलेलं. बाहुल्यांसाठी एक घरही होतं.

शिवाय एक लांब फळी होती. फळीला खुंट्या मारलेल्या. बाहुल्यांचे पाय त्या खुंट्यांत बसायचे, म्हणजे बाहुल्या ताठ उभ्या राहायच्या. त्या फळीवर छोटी व्हिक्टोरिया दरबार भरवायची. कोण कुठे उभं राहणार, कोण पुढे येऊन मुजरा करणार, हे ती ठरवायची. जिला जिना उतरायलासुद्धा परवानगी लागायची, त्या पोरीच्या हुकुमात एवढी एकच जागा होती.

आपल्याकडे मुली भातुकली मांडतात, बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. गल्लीतल्या दहा पोरी जमतात, वऱ्हाडी होतात, भांडतात, रुसतात. व्हिक्टोरियाकडे दहा पोरी नव्हत्या. म्हणून तिने वऱ्हाडसुद्धा लाकडाचंच केलं.

एक तास एकटीला द्या

दहा वर्षांची असताना, १८३० मध्ये, लेहझेनबाईने तिच्या इतिहासाच्या पुस्तकात राजघराण्याची वंशावळ ठेवली, असं सांगितलं जातं. पोरीने ती वाचली आणि आपण गादीच्या किती जवळ आहोत हे तिला कळलं. त्यानंतरही तीनेक वर्षं ती बाहुल्यांशी खेळत होती. चौदाव्या वर्षाच्या आसपास हा खेळ थांबला. बाहुल्या पेटीत गेल्या. टाकून मात्र दिल्या नाहीत.

१८३५ च्या ऑक्टोबरमध्ये रॅम्सगेट या समुद्रकाठच्या गावी ती तापाने फणफणली होती. अंथरुणावर पडलेल्या पोरीपुढे कॉनरॉयने कागद धरला. राणी झाल्यावर मला खासगी चिटणीस नेमेन, यावर सही कर म्हणून. आईही त्याच्याच बाजूने. सोळा वर्षांच्या पोरीने सही केली नाही. तिच्या उशाशी त्या वेळी एकच माणूस तिच्या बाजूने उभं होतं, ते म्हणजे लेहझेनबाई.

२० जून १८३७ च्या पहाटे काका राजा चौथा विल्यम वारले. सकाळी सहाच्या सुमारास कँटरबरीचे मुख्य धर्मगुरू आणि राजवाड्याचे मोठे अधिकारी निरोप घेऊन केन्सिंग्टनला आले. अठरा वर्षं पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता आणि व्हिक्टोरिया राणी झाली. अठरा पूर्ण नसती तर आई आणि कॉनरॉय यांच्या हाती कारभार गेला असता. थोडक्यात वाचली.

राणी झाल्यावर तिने आईकडे पहिली मागणी केली ती एक तास एकटीला राहू देण्याची. आणि त्याच दिवशी आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला सांगितला. कॉनरॉयला तिने आपल्या आसपास फिरकू दिलं नाही.

लग्नाचा झगा आणि खेड्यातल्या कारागीर बायका

१० फेब्रुवारी १८४० रोजी तिचं लग्न मामेभाऊ आल्बर्टशी झालं. तेव्हा राजघराण्यातल्या नवऱ्या जरीचे, चांदीच्या तारांचे जड झगे घालत. व्हिक्टोरियाने पांढरा रेशमी झगा घातला आणि त्यावर होनिटन लेस लावली. ही लेस डेव्हन परगण्यातल्या खेड्यांत बायका घरी बसून हाताने विणत. यंत्राची स्वस्त लेस बाजारात आली आणि या बायकांचं काम बुडत चाललं होतं. राणीच्या झग्याची लेस करायला दोनशेवर बायकांना काही महिने काम मिळालं. पांढऱ्या झग्याची फॅशन तिथून जी सुरू झाली ती आजही ख्रिश्चन लग्नांत दिसते.

एका बाजूला असं, तर दुसऱ्या बाजूला घरात कुरबूर सुरू झाली. आल्बर्टचं आणि लेहझेनबाईचं पटेना. पोरांच्या दाईपासून घरखर्चापर्यंत खटके उडू लागले. १८४२ मध्ये लेहझेनबाई पेन्शन घेऊन कायमची जर्मनीला गेली. तिथल्या घरात तिने राणीच्या तसबिरी लावल्या होत्या म्हणतात. १८७० मध्ये ती वारली. १३२ पैकी शंभराच्या आसपास बाहुल्यांचे टाके या बाईचे होते.

पोरांना खेळ म्हणून शेती

राणीला नऊ मुलं झाली. पण तिच्या एकाही मुलाला बाहुल्यांचं तिच्याइतकं वेड लागलं नाही. कारण उघड होतं, त्यांना खेळायला भावंडं होती.

वाइट बेटावर राणीचं ऑस्बोर्न नावाचं घर होतं. तिथं १८५४ च्या सुमाराला मुलांसाठी स्वित्झर्लंडच्या पद्धतीचं एक लाकडी घर उभं राहिलं. आत मुलांच्या उंचीचा ओटा, चूल, भांडी. बाहेर प्रत्येक मुलाला जमिनीचा तुकडा. खुरपी, फावडी, हातगाड्या मुलांच्या मापाच्या आणि प्रत्येकीवर ज्याच्या त्याच्या नावाची आद्याक्षरं. मुलांनी भाजीपाला पिकवायचा, बाप तो बाजारभावाने विकत घ्यायचा. राजपुत्रांना बाजारभाव मिळत होता, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी वाचून हसावं की रडावं, ज्याचं त्याने ठरवावं.

त्या बागेत खुरपी चालवणाऱ्यांमध्ये आर्थर नावाचा एक मुलगा होता. त्याचं नाव ध्यानात ठेवा, तो पुढे पुण्यात भेटणार आहे.

काहीच टाकायचं नाही

१४ डिसेंबर १८६१ रोजी आल्बर्ट वारला. राणी ४२ वर्षांची होती. त्या दिवसापासून तिने काळे कपडे घातले ते मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं. जी मुलगी बोटभर बाहुलीला रंगीबेरंगी रेशीम नेसवायची, ती स्वतः काळ्या रंगातून बाहेर आली नाही. आल्बर्टच्या खोलीत रोज त्याचे कपडे काढून ठेवले जायचे, तोंड धुवायला गरम पाणी ठेवलं जायचं. माणूस मात्र नव्हता.

मग तिने एक नियम केला. घरातलं काहीच टाकायचं नाही. सत्तर वर्षांचे कपडे, शाली, टोप्या, छत्र्या, सगळं कपाटांत तारखेवार लावलेलं. एक मोठं कपाट फक्त बाहुल्यांचं. लहानपणीचे पेले एका टेबलावर वेगळे. घरातल्या वस्तूंचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढून ते वह्यांत चिकटवलेले, आणि समोर लिहिलेलं की ही वस्तू कोणत्या खोलीत, कोणत्या जागी आहे. एकदा जागा ठरली की वस्तू हलवायची नाही.

लहानपणीची ती बाहुल्यांची वहीच आता एवढी मोठी झाली होती. माणसं जातात, बाप गेला, बहीण गेली, बाई गेली, नवरा गेला. वस्तू जागच्या जागी राहतात. तिने त्यांना धरून ठेवलं.

दिल्लीत दरबार, दख्खनमध्ये दुष्काळ

१८५७ च्या उठावानंतर १८५८ मध्ये हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीच्या नावावर आला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत मोठा दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. ती स्वतः आलीच नाही. आयुष्यात कधीच हिंदुस्थानात आली नाही. त्या रात्री विंडसरच्या वाड्यात ती जेवायला बसली, ती संस्थानिकांनी दिलेले हिंदुस्थानी दागिने अंगभर घालून.

दिल्लीत राजे-महाराजे, हत्ती, जरीचे अंगरखे, हिऱ्यांचे तुरे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने प्रत्येकाची जागा ठरवून दिलेली. केन्सिंग्टनच्या फळीवरचा दरबार जणू माणसांचा झाला होता.

आणि त्याच वेळी सोलापूर, नगर, पुणे, सातारा या आपल्या भागात १८७६ चा पाऊस गेलेला. पिकं जळाली होती, जनावरं मरत होती, लोक खडी फोडायच्या कामावर होते. त्या जानेवारीत सरकारने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून कमी.

त्या दिल्लीच्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका गेले होते. जरीच्या गर्दीत हा माणूस हाताने कातलेल्या सुताची खादी घालून गेला. त्यांना जे सांगायचं होतं ते कपड्यानेच सांगितलं.

अकरा वर्षांनी पुन्हा तसंच झालं. ऑस्बोर्नच्या बागेत खुरपी चालवणारा राणीचा मुलगा आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॅनॉट, मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती होता. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्यासाठी मेजवानी ठेवली. शहरातले प्रतिष्ठित लोक शालजोड्या, दागिने घालून आले. महात्मा जोतीराव फुले मात्र गरीब कुणब्याच्या वेषात आले. त्यांनी ड्यूकला सांगितलं की इथं बसलेले हे नटलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरी प्रजा खेड्यात आहे, अंगावर धड वस्त्र नाही. ते जाऊन बघा, तिथल्या पोरांना शिक्षण द्या, आणि हे आईला सांगा.

राणीला बारीक कपडा कळत होता. अर्ध्या इंचाच्या रुमालावरची नक्षी तिला दिसायची. पण इथल्या माणसाच्या अंगावरचं फाटकं तिच्यापर्यंत पोचवायला फुल्यांना असा वेष करून जावं लागलं.

तिला हिंदुस्थानची ओढ नव्हती असंही नाही. १८८७ नंतर ती आग्र्याहून आलेल्या अब्दुल करीम या मुनशीकडून उर्दू शिकली, म्हातारपणी वही भरून गिरवत बसली. रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराला पाठवून तिने इथल्या कारागिरांची, सैनिकांची, साध्या माणसांची छोटी छोटी चित्रं काढून आणली आणि ऑस्बोर्नच्या भिंतीवर ओळीने लावली. पाहुणा आला की दाखवायची. पण चित्रातला माणूस भुकेला आहे की पोट भरलेला, हे चित्र सांगत नाही.

२२ जून १८९७ ला तिच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा सोहळा झाला. लंडनच्या मिरवणुकीत तिने मुकुट घातला नाही, काळा पोशाख आणि साधं बॉनेट घालून बसली. त्याच रात्री पुण्यात सोहळ्याहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीजवळ गोळ्या झाडल्या. प्लेगच्या नावाखाली घराघरात झालेल्या जुलमाचा तो बदला होता.

पेटी पुन्हा उघडली

राणी सत्तरी ओलांडलेली असताना, १८९२ मध्ये, फ्रान्सिस लो नावाच्या लेखिकेने लंडनच्या स्ट्रँड मासिकात या बाहुल्यांवर लेख लिहिला. त्यासाठी बाहुल्या बाहेर काढून दाखवल्या गेल्या. साठ वर्षांनंतरही कपडे जागेवर होते, टाके उसवले नव्हते.

राणीने चिटणिसामार्फत माहितीही कळवली. आपण खरोखरच बाहुल्यांना कपडे शिवत होतो, लेहझेनबाई मदत करायच्या. आपल्याला छोट्या बाहुल्या आवडायच्या. आपल्या मुलांना त्यांची तेवढी आवड नव्हती. आणि याचं कारणही तिने दिलं, की आपण एकट्या वाढलो, सोबतीला कुणी नव्हतं. एवढ्या मोठ्या राज्याच्या मालकिणीने सगळ्या जगासमोर दिलेली ही कबुली होती. १८९४ मध्ये या बाहुल्यांवर चित्रांसह पुस्तक निघालं.

२२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्नला व्हिक्टोरिया वारली. वय ८१. राज्य ६३ वर्षं सात महिने. चाळीस वर्षं काळं नेसलेल्या या बाईने शेवटचा पोशाख आधीच सांगून ठेवला होता. पांढरा झगा आणि लग्नातला लेसचा पदर. तसंच तिला पेटीत ठेवलं गेलं.

साम्राज्य गेलं, रुपयावरचं चित्र बदललं, स्टेशनचं नावही बदललं. बाहुल्या मात्र आजही इंग्लंडमध्ये जपलेल्या आहेत. त्या वहीत प्रत्येक बाहुलीसमोर कपडे शिवणाऱ्याचं नाव आहे. राजकन्येने शिवले तिथं राजकन्येचं, बाईने शिवले तिथं बाईचं. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव त्या पोरीने लावलं नाही.